मोहबोडी रिठ

-वाला

शकुबाईचा हात कय्यूमच्या हातात होता आणि बांगडी आंगठ्याच्या उंचवट्यावर अडली होती. त्यानं तिची बोटं एकत्र गोळा केली, आंगठा आत दुमडला, मोहाच्या टोरीच्या तेलाचं बोट हाडाभोवती फिरवलं आणि बांगडी ढकलायच्या आधी क्षणभर थांबला. बायका याच वेळी बोलतात. हात दुसऱ्याच्या ताब्यात असतो, उठून जाता येत नाही, आता दुखणार हे ठाऊक असतं. मग मनातलं ओठावर येतं.

"हळू ना बाप्पा," शकुबाई म्हणाली. "दुसऱ्या कोणी असा हात पकडला असता तं चैतूच्या बापानं कुऱ्हाड काढली असती."

"म्हणून तं त्याइले आधीच बिडी देऊन बाहेर बसवलं," कय्यूम म्हणाला.

ओसरीच्या दुसऱ्या टोकाला धान कांडणाऱ्या दोघी सुना तोंडाला पदर लावून हसल्या. शकुबाई हसली नाही. तिची नजर अंगणापलीकडे, पळसटोल्याच्या मागे उठलेल्या टेकड्यांवर होती.

"कय्यूमभाऊ, तुमी मोहबोडीले जाता ना?"

"दर चैतात जातो."

"औंदा गेले?"

"उद्या निघतो. काऊन?"

"लोक म्हणून राह्यले, मोहबोडी रिठ झाली."

बांगडी आत गेली. दुखलं असणार, पण तिनं हूं की चूं केलं नाही.

या मुलखात गावाच्या नावाला शेपट्या फार. कोणी तळं खोदलं, त्याला मोबदल्यात जमीन मिळाली, तिथे वस्ती झाली की नावामागे तुकूम लागतं. मोठ्या गावापासून चार घरं फुटून निघाली की टोला. शेपटी ऐकली की गाव कसं वसलं ते कळतं. एकच शेपटी अशी आहे, जी गाव कसं गेलं तेवढंच सांगते. रिठ. नाव जागेवर राहतं, माणसं राहत नाहीत. रिठातलं लाकूड कोणी आणत नाही, रिठाच्या विहिरीचं पाणी कोणी पीत नाही, आणि रिठातली मुलगी...

"वैशाखात चैतूचं लगन हाय," शकुबाई म्हणाली. "सुगंधाबाईच्या मनकर्णाशी. तुमाले माहीत हाय."

"आहे ना. चुडा मीच भरणार."

"माही थोरली सून पोंभुर्णावाली. धाकटी सावलीवाली. मले अजूनही म्हाताऱ्या वैरागडवाली म्हणते, अर्धा जनम इथी गेला तरी. हिले का म्हणाचं? रिठवाली?" तिनं दुसरा हात पुढे केला. "उद्या लेकरू झालं, त्याले कोणी मामाचं गाव विचारलं, तं का सांगन थो?"

"लोकाइच्या तोंडाले का लागता बाई."

"लोकाइच्या तोंडातच राहा लागते, कय्यूमभाऊ. चैतू म्हणते खिंडीतून धूर दिसते. पण धुराचं का? धूर कोणीबी करते. तुमी आत जाता, बायाइचे हात पकडता. तुमी पाहून या. गाव असन तं लगन, नाई तं सुपारी वापस." मग ती पहिल्यांदा हसली आणि त्याच्या बांबूच्या पेटाऱ्यावर टिचकी मारली. "आन हा पेटारा पाहीन मी. भरल्या गावातून मनियाराचा पेटारा भरलेला येत नाई."

-रिठ

इसरू गाडीवानाची बंडी खिंडीपर्यंत जाणार होती. पेटारा मागे बांधून कय्यूम पुढे बसला. दोन्ही बाजूंनी सागाची पानं गळून वाट वाजत होती.

वडशाहून निघून दक्षिणेला सिरोंच्यापर्यंत तो पायी हिंडत असे, आणि त्याच्या लेखी हा सगळा मुलूख शेपट्यांचाच होता. घरी बायको, सुरय्या, म्हणायची चुडियाँ. इकडे धानाच्या गावांत बांगड्या. गोंडांच्या पाड्यावर एक असली तर चुडी, ढीग दिसला की शेवटाला नाकातला सूर लागे, चुडींग. सिरोंच्याकडे एक गाजु, पुष्कळ गाजुलु, आणि तो स्वतः गाजुलवाडु. काच तीच. वाला, वाडु, वाली, माणूस तोच. अब्बांनी त्याला धंदा शिकवला तो असाच: बाई काय म्हणते ते कोणालाही कळतं बेटा, ती शब्द कसा संपवते ते ऐक. परकी आहे की घरची, खूश आहे की रागात, नवऱ्यानं टाकलेली आहे की माहेरपणाला आलेली, सगळं तिथे असतं.

त्यानं ते ऐकायला शिकून घेतलं होतं. म्हणूनच गेल्या काही आठवड्यांत बाजाराबाजारात जे कानावर येत होतं, त्यानं त्याची झोप उडाली होती. आरमोरीच्या बाजारात कोणीतरी सहज म्हणून गेलं, मोहबोडी रिठाकडून आलो. पुढच्या बाजारात दुसऱ्यानं. पहिल्यांदा कोण म्हणालं ते कोणालाच सांगता येईना. वणवा कुठे सुरू झाला ते सांगता येत नाही, तशी ही शेपटी गावाच्या नावाला लागली होती.

खिंडीच्या माथ्यावर इसरूनं बैल थांबवले.

"उतरा भाऊ."

"अजून उतार आहे ना सारा."

"माहे बैल पुढं जात नाई."

"बैल जात नाई का तू जात नाई?"

"बैल न् मी एकच हावो," इसरू म्हणाला आणि जूवरून खाली उडी मारून बैलांची तोंडं वळवायला लागला.

खाली दरीत मोहाच्या झाडांच्या गर्दीत मोहबोडीची कौलं दिसत होती. संध्याकाळ व्हायला वेळ होता. प्रत्येक कौलातून धूर सरळ वर चढत होता.

"पाह्य," कय्यूम म्हणाला. "साऱ्या घरात चुली पेटल्या. याले रिठ म्हणता तुमी? बह्याड झाले का रे सारे?"

इसरूनं वळून पाहिलं नाही.

"म्हणून तं नाई जात मी. बोडी फुटून दोन पावसाळे झाले. धानाच्या बांध्या पडीक. बजारात त्या गावचं कोणी दिसत नाई, रानात कोणी भेटत नाई. न् धूर साऱ्या घरचा." त्यानं पेटारा उतरवून कय्यूमच्या पायाशी ठेवला. "शिजवतेत का थे, भाऊ?"

-बोडी

बोडी म्हणजे लहान तळं. मोहाच्या झाडांत बोडी, म्हणून मोहबोडी. मालगुजार होते तोवर दर उन्हाळ्यात पाळीवर, म्हणजे तळ्याच्या बांधावर, माती पडायची. मालगुजारी गेली, तळं सरकारचं झालं, आणि सरकार कुठे राहतं हे इथल्या कोणाला माहीत नव्हतं. आधी ते नागपुरात होतं, आता म्हणे मुंबईत गेलं होतं. दोन पावसाळ्यांपूर्वी पाळ फुटली. आता तिथे भेगाळलेला चिखल होता आणि त्यावर रानडुकरांनी उकरलेले खड्डे.

कय्यूम पाळीवरून चालत होता आणि त्याच्या पायाखाली काहीतरी मऊ चिरडत होतं. त्यानं खाली पाहिलं. मोहफुलं. झाडाखाली, वाटेवर, बांधावर, पिवळ्या फुलांचा जाड थर पडला होता. वरची ताजी, खालची काळी पडून आंबलेली. गोडसर, जड वास घशात बसत होता.

तो थांबला. चैत महिन्यात मोह पडायला लागला की या मुलखात घरात कोणी झोपत नाही. उजाडायच्या आत टोपल्या घेऊन म्हातारे-पोरं झाडाखाली असतात. कोणाचं झाड कोणतं यावरून सख्खे भाऊ भांडतात. इथे सगळ्या झाडांखालची फुलं सडत होती, आणि एका ठिकाणी अस्वलानं लोळून थर दाबला होता.

पुढे कौलांतून धूर चढत होता.

"बांगड्यावाला आला वोऽ बाई!"

ही हाक दिली की पहिल्यांदा कुत्री येतात. मग पोरं. मग दारामागून विचारणा होते, हिरव्या आणल्या का, चांदणीच्या आणल्या का. हाक समोरच्या भिंतीवर आपटून परत आली. त्यानं दुसऱ्यांदा दिली नाही.

एका दारातून सुगंधाबाई बाहेर आली. हातात फुटक्या मडक्याची परळ, तिच्यात निखारे. धुरानं डोळे लाल झाले होते. नवरा गेल्यापासून तिचे हात मोकळे होते आणि आता कोपरापर्यंत काळे.

"या कय्यूमभाऊ. तुमचीच वाट पाहून राह्यलो होतो. ए मनू, बांगड्या आल्या तुह्या!"

मनकर्णा आली ती आईच्या घरातून नाही, समोरच्या ओळीतल्या तिसऱ्या घरातून. तिच्याही हातात परळ होती. ती ओसरीवर बसली, हात धुतले, पुसले आणि पुढे केले. कय्यूमनं बोटं धरली. बोटांच्या पेरांवर भाजल्याचे फोड होते. एक हात भरून झाल्यावर त्यानं विचारलं,

"बाकीच्या कुठी गेल्या?"

"येतीन," सुगंधाबाई म्हणाली.

मनकर्णानं मान वर केली नाही.

"मी पाणी पिऊन येतो शेजारी," कय्यूम म्हणाला आणि ती काही बोलायच्या आत उठला.

शेजारच्या घराचं दार नुसतं लोटलेलं होतं. आत चूल पेटली होती. चुलीत एक जाड ओंडका आणि त्यावर ओला पाला, म्हणजे ज्वाळ नको, धूर हवा. चुलीवर काही नव्हतं. रांजण उपडा. कोनाड्यात दिवा नाही. खुंटीला काही टांगलेलं नाही. मागच्या घरात तसंच. त्याच्या पलीकडे तसंच. एका घरात चुलीसमोर जमिनीवर लहान मुलाचं लाकडी घोडं पडलेलं होतं आणि त्याच्या पाठीवर राखेचा थर होता. शेवटच्या घरातून तो बाहेर आला तेव्हा गावाच्या मधोमध उभं राहून त्यानं चहूकडे पाहिलं. सगळी कौलं धुरत होती. पाखराचाही आवाज नव्हता.

-लु

"दिवाळीपासून जाऊन राह्यले," सुगंधाबाईनं सांगितलं. "एकेक घर. कोणी वडशाच्या मिलमंदी, कोणी सोयऱ्याकडं. पयल्यांदा रडून गेले. मंग रडलेबी नाई. सांगून गेले नाई. सकाळी उठावं तं एक दार उघडं."

"मंग तुमी काऊन राह्यल्या?"

तिनं मुलीकडे पाहिलं. मनकर्णा भिंतीला टेकून, भरायच्या राहिलेल्या हाताकडे बघत बसली होती.

"आमी गेलो का हे रिठ. हे रिठ झालं का माही पोट्टी रिठवाली. जनमभर. उठता-बसता. सासूनं हाक मारली तरी थेच, सवतीनं मारली तरी थेच."

"सवत आता कुठून आणली व माय," मनकर्णा म्हणाली.

"गप. बोलाची गोष्ट हाय." पण तीही क्षणभर हसली. "सकाळ-संध्याकाळ दोघी फिरतो. चार घरं तिचे, बाकीचे माहे. अर्धा जनम एका चुल्ह्यापुढं गेला, कय्यूमभाऊ. आता साऱ्या गावाच्या चुल्ह्याची मालकीण झाली मी."

एका शब्दाचे पुष्कळ करायला तेलुगूत लु पुरतं, गोंडीत नाकातला एक सूर. इथे दोन बायका एका घराची पुष्कळ घरं करत होत्या, ओल्या पाल्यानं आणि फुंकरीनं, दिवसातून दोनदा, रोज.

"हिले मावशीकडं न्या. तिथून लगन लावा."

"सुपारी या गावच्या मातामायसमोर फुटली. गाव बदललं तं सोयरीक मोडते. शकुबाईले तं निमित्तच पाह्यजे." तिनं पदरानं डोळे पुसले, धुराचे होते की आणखी कशाचे ते सांगता आलं नसतं. "तिनंच धाडलं ना तुमाले?"

त्यानं मान डोलावली.

"मंग पाह्यलं थे सांगा. तुमचा धंदा हाय, दारोदारी जाणं हाय. तुमी खोटं नका बोलू. साऱ्या घरी चुल्हे पेटले होते, एवढंच सांगा. थे का खोटं हाय?"

-आबाद

पेटाऱ्याच्या तळाला कागद अंथरलेला होता. त्याच्यावर छापलं होतं, फिरोजाबाद. माल तिथून रेल्वेनं येई. कय्यूमनं कागदावर हात फिरवला.

"आमच्या जबानीत एक शेपटी आहे बाई," तो म्हणाला. "गावाच्या मागे आबाद लावलं का गाव वसते. भरते. कोणी बादशहानं नुसतं लावलं, न् वसले गाव."

सुगंधाबाईनं रिकाम्या ओळीकडे पाहिलं.

"लावून पाहा," ती म्हणाली.

तो पेटारा बंद करायला गेला आणि थांबला. झाकणावर शकुबाईनं टिचकी मारली होती. चुडा वजा जाता पेटारा आणला तसाच होता. खोटं बोलायचं नाही म्हटलं तरी हा बोलणार होता, पळसटोल्यात पाऊल टाकल्याबरोबर.

त्यानं मनकर्णाच्या हातात उरलेला हिरवा चुडा भरला. मग उठला, पेटारा काखेत घेतला आणि पहिल्या घरात शिरला.

या घरातली बाई थोराड हाताची होती. तिला मोठ्या मापाच्या, निळ्या लागायच्या. त्यानं त्या काढल्या, सुतळीत ओवल्या आणि चुलीवरच्या खुंटीला टांगल्या. पुढच्या घरातल्या सासूला पिवळ्या आवडत आणि सुनेला पिवळ्या आवडत नसत. दोघींच्या टांगल्या, दोन खुंट्यांना. लाकडी घोडं पडलं होतं त्या घरात एक लहानशी पोर होती, तिला तो हौसेनं सर्वांत लहान मापाच्या लाल भरायचा. तो नावं विसरत होता, हात विसरत नव्हता. शेवटी सगळ्या गावात खुंटीखुंटीला काच लटकली, आणि कुठूनतरी वाऱ्याची झुळूक आली तेव्हा घराघरातून किणकिण उठली. जणू बायका नुकत्याच हात धुऊन कामाला लागल्या होत्या.

मनकर्णानं कानांवर हात ठेवले.

सुगंधाबाईच्या घरी तो सर्वांत शेवटी आला. तिथे त्यानं हिरव्या बांगड्यांची जुडी काढली.

"माह्या घरी काऊन? मले का कराच्या?"

"मनकर्णाले सातवा महिना लागल तेव्हा माहेरच्या बांगड्या लागतेत. तेव्हा तुमी मागाल, न् मी नसलो तं?"

तिनं जुडी हातात घेतली. मग आपल्या लुगड्याच्या जांभळ्या काठाची चिंधी फाडून तिनं ती जुडी बांधली आणि चुलीवरच्या खुंटीला अडकवली. गाठ घट्ट होती.

"लगन झालं का निघा बाई इथून," कय्यूम म्हणाला. "जनावर फिरते पाळीवर. पंजे उमटले, पाह्यले मी."

"निघीन ना."

"कधी?"

"लोक तिले मोहबोडीवाली म्हणाले लागले का. एकदा तोंडात बसलं का मंग काढत नाई कोणी."

पळसटोल्यात शकुबाईनं आधी पेटारा उघडला. तळाचा कागद दिसत होता. मग तिनं त्याच्या तोंडाकडे पाहिलं.

"साऱ्या घरी चुली पेटल्या होत्या," कय्यूम म्हणाला. "माह्या डोळ्यानं पाह्यल्या."

-वाली

लग्न झालं, इकडच्या रीतीप्रमाणे नवऱ्याच्या मांडवात, पळसटोल्यात. पोळ्याला तो पळसटोल्यात गेला तेव्हा ओसरीवरून हाक ऐकू आली, "मोहबोडीवाली, सूप आण व!" आणि मनकर्णा सूप घेऊन आली. हाकेत काही अडलं नाही, कोणी जीभ चावली नाही. नाव बसलं होतं.

त्याच फेरीत तो खिंडीतून उतरला. गवत कमरेएवढं झालं होतं. निम्म्या कौलांतून धूर होता.

"निघा आता," तो म्हणाला. "मोहबोडीवाली म्हणाले लागले तिले."

"पावसाचं ओलं लाकूड धरत नाई," सुगंधाबाई म्हणाली, जणू तो त्याबद्दल बोलला होता. "चैतू खिंडीत लाकडाले येते. वरून पाहते. नवंनवं हाय अजून. जरा मुरू द्या."

दिवाळीनंतर एकाच कौलातून धूर होता. ती फार वाळली होती. पण कय्यूमला पाहून उठली, परळ घेतली आणि त्याच्यासमोर आणखी दोन घरांत जाऊन चुली पेटवून आली. "पाहुण्यासमोर गाव रिकामं दिसू नाई," म्हणाली. तो तिला ओढून नेण्याइतका सोयरा नव्हता. वडशाला परतल्यावर त्यानं सुरय्याला सांगितलं. ती म्हणाली, मुलीला सांगा. मुलीला सांगायचं तर सासूच्या देखत सांगावं लागलं असतं.

माघात शकुबाईनं बाजारात गाठून सांगितलं, मोहबोडीवालीले सातवा लागला, माहेरच्या बांगड्या आणून द्या. "चैतू म्हणे चार-आठ दिस झाले धूर नाई दिसला," ती म्हणाली. "मी म्हटलं, धुकं असन."

खिंडीत कय्यूम उभा राहिला. आकाश धुतल्यासारखं स्वच्छ होतं. कौल न् कौल दिसत होतं.

तो खाली उतरला. मोहाची झाडं नुकती पानं गाळत होती. गावात शिरायच्या आधीच आवाज आला, बारीक, थांबून थांबून, एका घरातून मग दुसऱ्या घरातून. कोणी भांडी घासावीत, कोणी पीठ मळावं तसा. वारा होता थोडा. त्यानं हाक दिली नाही.

सुगंधाबाईच्या घरापासून समोरच्या ओळीकडे जाणाऱ्या पायवाटेवर परळ पडली होती. दोन तुकडे झालेली. निखारे सांडले तिथे गवताचा हाताएवढा गोल जळून काळा झाला होता. त्याच्यापुढे गवत आडवं झालं होतं, पाळीच्या दिशेनं, रुंद पट्ट्यात, आणि पुन्हा उभं राहायला सुरुवात झाली होती.

कय्यूम त्या पट्ट्याच्या कडेनं थोडा चालला. मग थांबला. खाली बसला. ओंजळीत माती घेतली, ओठ हलवले, माती जळक्या गोलावर सोडली.

घरात चूल थंड होती. खुंटीवरची जुडी त्यानं काढली. हिरव्या काचेवर काजळीचा थर बसला होता. धोतराच्या सोग्यानं तो पुसायला लागला, आणि जांभळ्या चिंधीपाशी त्याचा हात थांबला. ती तशीच ठेवली.

शकुबाई ओसरीवर वाट बघत होती. चैतू खांबाला टेकून उभा होता.

"कशा हायेत विहीणबाई?"

"बांगड्या देल्या त्याइनं," कय्यूम म्हणाला.

"न् धूर? हा म्हणते..."

"धुकं होतं बाई. माघाचं."

चैतूनं त्याच्याकडे पाहिलं, मग आपल्या पायांकडे.

"पाह्य, मी म्हटलं नव्हतं?" शकुबाई म्हणाली. "मोहबोडीवाली, ये व. तुह्या मायनं धाडल्या."

मनकर्णा जड पावलांनी आली, समोर बसली आणि हात पुढे केले. कय्यूमनं जुडी तिच्या मांडीवर ठेवली. गाठ सोडायची ती तिनं, अशी रीत. तिची बोटं चिंधीवर गेली. काठ ओळखीचा होता. गाठही. आईनं चैतात मारलेली गाठ, कधी न सोडलेली, कधी न बदललेली, आणि तिच्या आत काजळी. आई देणार असती तर तिनं बांगड्या सोडून, धुऊन, कुंकू लावून दिल्या असत्या.

तिनं वर पाहिलं. कय्यूमनं तिचा हात घट्ट धरला. शकुबाई दोघांकडे बघत होती.

सहसा सातव्या महिन्यात हात सुजतो आणि बांगडी चढता चढत नाही; तेल लागतं, धीर लागतो. मनकर्णाचा हात एकाएकी सैल पडला. हाडं नसल्यासारखा. बांगड्या एकेक करून, तेलावाचून, आपोआप आत गेल्या.

"दुखलं नाई हो हिले," शकुबाई कौतुकानं म्हणाली. "माहेरच्या ना. मोहबोडीवाली, कय्यूमभाऊले चा ठेव व."

मनकर्णा उठली. भिंतीला धरून आत गेली. चुलीपाशी बसल्याचा आवाज आला, मग फुंकणीचा. पुन्हा फुंकणीचा. दारातून धूर ओसरीवर यायला लागला.

"ओलं लाकूड लावलं का व?" शकुबाईनं खोकत विचारलं.

"हो आत्या," आतून आवाज आला.

"डोळे फुटतीन तुहे. राहू दे थोडं."

ती थांबली नाही. कय्यूमनं रिकामा पेटारा मांडीवर घेतला आणि मान वर केली. कौलांच्या फटीफटीतून धूर निघत होता, दाट, सरळ वर चढत होता. तो खिंडीतून कोणालाही दिसला असता.